बासरीच्या बाजूचा माणूस

"आधी पाखरं सांगतात, मग मी सांगतो," खझामुला एकदा म्हणाला होता.

पैसे भरून शिकारीला आलेल्या एका पाहुण्याने त्याला विचारलं होतं, एवढ्या दाट झाडीत रेडा पुढे उभा आहे हे तुला न बघता कसं कळतं. शिकारी तळाचे मालक कॉलिन साहेब यांनी उत्तराचं इंग्रजी करून सांगितलं. पाहुणा हसला आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं. हासानी शेजारीच पाण्याचे कॅन भरत होता. दाजींनी हे असं फुकट सांगून टाकायला नको होतं, असं त्याला तेव्हा वाटलं. खरं तर त्यात गुपित काही नव्हतं. रानरेड्याच्या अंगावरच्या गोचिडी टिपणारी लाल चोचीची पाखरं माणूस दिसला की खरखरत उठतात, आणि ती उठली की रेडा पन्नास पावलांवर आहे, हे सावे नदीकाठच्या कुठल्याही म्हाताऱ्याला ठाऊक असतं. पण तोवर उशीर झालेला असतो. खझामुलाला ती पाखरं रेड्याच्या पाठीवर निवांत बसलेली असतानाची कुरबुरही ऐकू यायची.

आता येत नव्हती. हे फक्त हासानीला माहीत होतं, आणि चार वर्षं तो ते झाकत होता.

खझामुला त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. न्यानिसीसाठी त्याने देज म्हणून सहा गाई दिल्या, तेव्हा हासानीचे दुधाचे दातही पडले नव्हते. गाई गोठ्यात शिरताना त्याने मोजल्या, तांबडी गाय त्याला आवडली, आणि तेवढ्यावर त्याने या माणसाला आपल्याकडून मंजुरी देऊन टाकली. पुढे त्याच तांबडीच्या वेतांवर हासानीचं स्वतःचं लग्न झालं. म्हणजे घरात जी बायको आहे, पोरं आहेत, ती एका अर्थाने या माणसाच्या गोठ्यातून आलेली. असलं कुणी बोलून दाखवत नाही. ते पाठीवर असतंच.

खझामुलाचा बाप फहलेला धनुष्याने शिकार करायचा. पुढे ती जमीन अभयारण्यात गेली, गाव उचलून कोरड्या टेकाडावर आणून टाकलं, आणि कालपर्यंत जी शिकार होती ती चोरी झाली. बापाला दोनदा तुरुंग झाला. दुसऱ्या खेपेला तो परत आला तो गप्प होऊन. हासानीने एकदा दाजींना विचारलं होतं, धनुष्याचा आवाज केवढा व्हायचा.

"झोपलेल्या माणसाने कूस बदलावी एवढा," खझामुला म्हणाला होता.

त्या बापाचा हा मुलगा विशी ओलांडल्यावर शिकारी तळाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. आधी कातडी सोलायच्या शेडमध्ये मीठ चोळलं. मग एकदा तळावरचे माग काढणारे जखमी कुडू हरणाचा माग दगडांवर हरवून परत आले, तेव्हा याने हातातलं मीठ झटकलं, गेला, आणि दुपारपर्यंत कुडूपाशी उभा राहून शीळ घातली. त्या दिवसानंतर तो पुन्हा शेडमध्ये गेला नाही. चौतीस हंगाम तो सगळ्यांच्या पुढे चालला. हातात मोपानीच्या झाडाची सोललेली काठी, तिच्या टोकाने माग दाखवायचा, बोटाने कधी नाही. माग हरवला असं त्याने कधी कबूल केलं नाही. "न सांगता गेलं," असं म्हणायचा, जनावर जणू घरचं कुणी.

आणि तिकाटणं त्याचं. तीन काठ्या वरच्या टोकाशी बांधलेल्या, त्यावर रायफल टेकवून पाहुण्याने नेम धरायचा. ज्याने जनावर दाखवलं त्यानेच तिकाटणं रोवायचं, आणि पुढचा पाय मुठीत धरून तिथेच उकिडवं बसायचं, म्हणजे काठी घसरत नाही. हा इथला रिवाज. खझामुलाच्या मुठीतली काठी दगडात रोवल्यासारखी राहायची. ती मूठ मिळावी म्हणून काही पाहुणे वर्षभर आधी पत्र लिहायचे.

रायफलचं तोंड त्या मुठीच्या हातभर वर असतं. पूर्वी त्याचं काही वाटायचं नाही. आवाज व्हायचा, पण तो पुढे जायचा, जनावराकडे. मग दहाएक वर्षांपूर्वी बासऱ्या आल्या. नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवायचा तो बोटभर लांबीचा तुकडा, दोन्ही बाजूंना भोकं. कंपनीचं नाव काहीतरी वेगळं आहे, तळावर सगळे बासरीच म्हणतात. स्फोटाचा वायू त्या भोकांतून बाजूला आणि मागे फेकला जातो, त्यामुळे रायफल खांद्यावर कमी आदळते. पाहुण्याचा खांदा वाचतो. तो धक्का मग बाजूला जो बसलेला असेल त्याच्या कानात जातो. पाहुण्याच्या कानावर जाड कानपट्ट्या असतात. माग काढणाऱ्याला कान बंद करून चालत नाही. त्याला कानांचाच तर पगार.

डावा कान आधी गेला. कधी गेला ते खझामुलाला स्वतःलाही सांगता आलं नसतं. हासानीला मात्र दिवस आठवतो. जुलैची, म्हणजे इथल्या ऐन थंडीतली सकाळ होती, गवतावर दहिवर, तोंडातून वाफ निघत होती, आणि खझामुला शेकोटीशी बसून म्हणाला, "यंदा किडे थंडीतच ओरडायला लागले."

मोपानीवरचे ते किडे ऑक्टोबरच्या काहिलीत ओरडतात. त्या सकाळी रानात काहीच ओरडत नव्हतं; ओरडत होतं ते दाजींच्याच कानात.

"हो, दाजी," हासानी म्हणाला. "यंदा लवकरच लागलेत."

झाकणं तिथून सुरू झालं. पुढे त्यांच्यात एक पद्धत पडली, न ठरवता. हासानी दुसऱ्या क्रमांकावर, खझामुलाच्या पाठीशी चालायचा. पाखरं ऐकू आली की काठीचं टोक एकदा पाठीला लावायचं. एकदा म्हणजे पाखरं, दगड होऊन जा. दोनदा म्हणजे साहेब काहीतरी म्हणतायत, मागे बघ. खझामुलाने पहिल्या वेळी दचकून वळून पाहिलं, दुसऱ्या वेळी नाही. दोघांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही. मेव्हण्याने दाजींची थट्टा वाटेल ती करावी, सुटलेल्या पोटाची, बायकोच्या धाकाची, ती चालते. शरीरातलं जे खरोखर संपत चाललंय ते तोंडावर बोलायचं नसतं.

न्यानिसीचं तसं नव्हतं. "हा माणूस रेडिओ इतका मोठा लावतो की शेजारच्यांनी बॅटरी घेणंच बंद केलंय," ती भावाला म्हणायची. "परवा म्हटलं, शेरडं मक्यात शिरली. तर म्हणतो, शिजू दे अजून थोडं."

"मग शिजली का?" हासानी विचारायचा.

"तू हस. तुम्ही दोघं मिळून एक माणूस झालायत. एकाचे डोळे, एकाचे कान. पगार मात्र दोन घेता."

ती हसायची नाही.

यंदाच्या हंगामातला तिसरा पाहुणा वेंडल. अमेरिकेत छपराचे पत्रे विकायचा, म्हणून तो तळावर पत्रेवाला झाला. माणूस वाईट नव्हता. ताटात वाढलेलं संपवायचा, स्वयंपाक्याला नावाने हाक मारायचा. उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली होती, शर्ट बदलताना व्रण दिसायचा. त्याच्या रायफलला बासरी होती.

"मी पत्रात लिहिलं होतं," कॉलिन साहेब म्हणाले. नेम जुळवायला सगळे वाळक्या ओढ्यात गेले होते. हासानी झाडाला कागद टोचून परत येत होता. इंग्रजी त्याला कळत होतं. "माझ्या तळावर ही नको. माझी माणसं बाजूला बसतात."

"वाचलं होतं," पत्रेवाला म्हणाला. "डॉक्टर म्हणाला, हिच्याशिवाय मारायची नाही. मी काय करू?"

"काढून बघू या."

काढली. पत्रेवाल्याने दोन गोळ्या मारल्या. एक कागदाच्या कडेला चाटून गेली, दुसरी कुठे गेली ते ओढ्यालाच ठाऊक. तो खांदा धरून उभा राहिला, डोळ्यांत पाणी आलेलं, आणि ते कुणी पाहू नये म्हणून टोपी पुढे ओढून घेत होता. साहेब कागदाकडे बघत राहिले. घाबरलेल्या खांद्याने मारलेली गोळी रेड्याच्या पोटात लागते, आणि पोटात गोळी घेऊन झाडीत शिरलेला रेडा कुणाला सोडत नाही. त्यांनी बासरी परत बसवायला सांगितली. तीन गोळ्या एका तळहाताखाली झाकता येतील इतक्या जवळ बसल्या.

मग साहेब या दोघांकडे वळले आणि यांच्याच भाषेत म्हणाले, "नीट ऐका. या खेपेला काठ्या रोवायच्या आणि लगेच माझ्या मागे यायचं. पुढे कुणी बसायचं नाही. मूठबीठ काही नाही. समजलं?"

खझामुला ट्रकच्या चाकातला काटा उपटत होता. हासानीने मान हलवली. ती हललेली पाहून त्यानेही हलवली.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. संध्याकाळी मक्याच्या सादझाचा गोळा चिमटत दोघं बसले होते, तेव्हाही सांगता आलं असतं. हासानीच्या ओठांवर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे आधी हे म्हणायचं की दाजी, तुम्हाला ऐकू आलं नाही. चार वर्षांत जे बोललं गेलं नव्हतं ते त्या एका वाक्यात सगळं आलं असतं. वेळ आली की सदरा ओढून मागे घेऊ, असं त्याने ठरवलं, आणि खझामुलाच्या वाडग्यात थोडी भाजी घातली.

"एवढा लाड कशासाठी?" खझामुला म्हणाला. "बायको सोडून गेली की काय?"

"सोडून जातात त्या तुमच्याकडच्या बहिणी. आमची बघा, तुमच्याकडेही टिकली."

हे खझामुलाला ऐकू आलं की त्याने ओठांवरून ओळखलं, सांगता येत नाही. तो हसला.

चौथ्या दिवशी डबक्याकाठी तीन म्हाताऱ्या रेड्यांचे ताजे खूर मिळाले. मोपानीची पानं तांब्याच्या रंगाला आली होती आणि पायाखाली कुरकुरत होती, म्हणून सगळे पाऊल तिरकं टाकत चालले होते. खझामुला पुढे. त्याच्या काठीचं टोक मातीवर फिरत होतं, थांबत होतं, पुढे जात होतं. डोळे अजून तेच होते. शेणाच्या पोळीवर त्याने पायाचा अंगठा टेकवला, ऊब पाहिली, आणि चाल कमी केली. दोन तास असे गेले. मग डावीकडच्या जाळीतून हासानीला ती कुरबुर ऐकू आली. त्याने काठी एकदा पाठीला लावली. खझामुला थिजला, मान हळू फिरवली, आणि पानांआडचं शिंग त्याला हासानीच्या आधी दिसलं.

त्याने तिकाटणं उघडलं, रोवलं. पत्रेवाला पुढे आला. साहेबांनी हासानीकडे बघून मागे या अशी खूण केली, आणि हासानी गेला. सांगितलं होतं तसा तो मागे गेला. साहेबांच्या पाठीशी पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आता सदऱ्यापर्यंत हात पोचत नाही.

खझामुला नेहमीसारखा उकिडवा बसला होता. पुढच्या काठीभोवती मूठ, उजवा कान वर रायफलकडे.

हाक मारली तर रेडे उधळणार. हासानीने पायाजवळचं ढेकूळ उचललं आणि नेम धरून फेकलं. ते बरोबर पाठीला लागलं.

एकदा. एकदा म्हणजे पाखरं.

खझामुला दगड झाला.

गोळी सुटली तेव्हा त्याच्या डोक्याभोवतीची धूळ आणि वाळकी पानं एकदम उडाली. रेडा वाकला, साठ पावलं धावला आणि पडला. पडल्यावर त्याने मरताना फोडतात तो लांब हंबरडा फोडला. सगळे ऐकत उभे राहिले, कारण तो ऐकू आल्याशिवाय जवळ जायचं नसतं. खझामुला गुडघ्यांवर आला होता. मूठ काठीवरच होती. तो हासानीकडे बघत होता, आणि हंबरडा संपल्यावरही, मेला का, असं डोळ्यांनी विचारत होता.

हासानीने मान हलवली. मेला.

पत्रेवाल्याने कानपट्ट्या काढल्या आणि सगळ्यांचे हात हातात घेतले. खझामुलाचा हात बराच वेळ धरून तो काहीतरी म्हणाला. खझामुला हसला. पत्रेवाला गंभीर झाला आणि त्याने तेच पुन्हा म्हटलं. खझामुला पुन्हा हसला.

धड चढवायला ट्रक आला. चालक मागे बघत, ओरडत, हॉर्न वाजवत गाडी मागे घेत होता, आणि खझामुला त्या वाटेत पाठमोरा वाकून रेड्याच्या कानातल्या गोचिडी बघत होता. साहेबांनी धावत जाऊन त्याला कॉलर धरून ओढलं. दोघंही पडले. चाक त्या जागेवरून गेलं. साहेब उठले, कपडे झटकले, आणि त्यांनी पाहिलं ते हासानीकडे.

दुपारी शेडमध्ये कातडीला मीठ लावणं चाललं होतं. साहेब दाराशी येऊन उभे राहिले.

"मी काठ्यांचं सांगितलेलं त्याने ऐकलं नव्हतं."

"ऐकलं असेल, साहेब. विसरला असेल. वय झालं."

"तू नाही विसरलास. तू बरोबर मागे आलास."

हासानीने मिठाची आणखी एक मूठ कातडीवर टाकली.

"किती वर्षं झाली?"

"कशाला?"

साहेब थकल्यासारखे दाराला टेकले. "मलाही डाव्या कानाने फोन ऐकू येत नाही, हासानी. मी फोन उजवीकडे धरतो. मी काय तुला पकडायला आलो नाहीये. उद्या जेवणानंतर त्याला चहाला घेऊन ये. त्याला ऐकू येत असेल तर पुढच्या पाहुण्याबरोबर तोच पुढे. नसेल तर इथे, शेडमध्ये. पगार तोच. मला कुणाला पुरायचं नाहीये."

पत्रेवाल्याने आपल्या कानपट्ट्या खझामुलाला देऊन टाकल्या. त्याचं मन मोडू नये म्हणून खझामुलाने त्या घटकाभर गळ्यात अडकवल्या, मग काढून ट्रकच्या सीटवर ठेवल्या. ऊन कलताना दोघं घराकडे चालले. वाटेत खझामुला थांबला. तो बोलला ते इतक्या हळू की हासानीला कान पुढे करावा लागला. आपला आवाज किती निघतोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"साहेब उद्या मला बोलावणार."

हासानीने मान हलवली.

"शेडमध्ये मी परत जाणार नाही. तू समोर बस."

चार वर्षांत त्यावर बोलणं झालं ते एवढंच. हासानीने पुन्हा मान हलवली. न्यानिसीने त्यांना लांबून येताना पाहिलं आणि ती पाणी ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या छपराखाली तिघं बसले. साहेबांनी स्वतः चहा ओतला. खझामुलाने धुतलेला सदरा घातला होता, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. तो ताठ बसला होता. हासानी समोर, हात टेबलाच्या कडेवर. साहेब रेड्याच्या शिंगांचं माप सांगत होते, आणि ते समोर असेपर्यंत खझामुला नेमक्या जागी मान हलवत होता, एकदा तर म्हणालाही, "म्हातारा होता, दात बघा त्याचे."

मग साखर आणायला म्हणून साहेब उठले. खझामुलाच्या मागे, चार पावलांवर जाऊन थांबले.

"खझामुला," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले.

हासानीने नजर वर करायची, तेवढंच काम होतं. नुसती त्याच्या खांद्यावरून मागे टाकायची. ते बघून खझामुला सावकाश वळला असता, काय साहेब म्हणाला असता, आणि शुक्रवारी येणाऱ्या पाहुण्यापुढे झाडीत शिरला असता, पाठीवर एका काठीचं टोक घेऊन. हासानी त्याच्याकडे बघत होता. खझामुला त्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबला होता. जाळीशी माग थांबला की तो असाच बघायचा, आता हा काय सांगतो म्हणून.

हासानीने डोळे खाली केले. चहावर साय धरायला लागली होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

"खझामुला, तुझी टोपी खाली पडलीये," साहेब मागून म्हणाले, मघापेक्षा मोठ्याने.

स्वयंपाकघरातल्या बाईने दारातून डोकं बाहेर काढलं. खझामुलाने तिला पाहिलं. ती कुणाकडे बघतेय ते पाहिलं. मग त्याने पुन्हा हासानीच्या वाकलेल्या डोक्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मागे काय आहे ते वळून पाहण्याची त्याला गरज उरली नाही.

त्याने कप बशीत ठेवला. खुर्ची मागे सरकवली. सदऱ्याची वरची गुंडी सोडली आणि हासानीच्या बाजूने, त्याला न शिवता, छपराबाहेर निघून गेला.